वाड्यातल्या कवाडावर दुधाचा हिशोब आहे, तो न पुसता मुलांचं टेबल करायचंय

अंगणवेल

नमस्कार मंडळी.

सदाशिव पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला गेला, त्याला आता आठ महिने होतील. नवी इमारत उभी राहीपर्यंत आम्ही धायरीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहोत. सासूबाई, आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. वाड्यातलं बरंचसं सामान वाटून, विकून टाकलं. तरी टेम्पोत चढलंच ते असं: एक लोखंडी ट्रंक, सहा पाट, शिवणयंत्राचा बिडाचा स्टँड (यंत्र केव्हाच गेलं), आजेसासूबाईंच्या सुती साड्या, दोन-तीन लुगडी आणि स्वयंपाकघराच्या दाराचं एक सागवानी कवाड.

सुरुवातीचे दोन महिने हे सगळं गॅलरीत चादरीखाली पडून होतं. मग मी ठरवलं की दर रविवारी एक वस्तू हातात घ्यायची आणि ती घरात रोज वापरली जाईल अशी करायची. शोभेची म्हणून काहीच करायचं नाही. पाच माणसांच्या घरात तेवढी जागाच नाही.

पहिला नंबर ट्रंकेचा. आता ती दारापाशी बसायचं बाकडं झाली आहे. बूट घालताना तिच्यावर बसायचं, आत मुलांची खेळणी. गंज ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढला, थिनरच्या फडक्याने पुसली, रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात दिला, एक दिवस वाळू दिली आणि वर ऑइलपेंटचे दोन हात. चुकलं एका ठिकाणी. ट्रंकेच्या झाकणावर नुसता फोम ठेवला, आणि मोठं माणूस बसलं की पत्रा आत दबायचा. मग टिंबर मार्केटमधून १९ मिलिमीटरचा प्लाय झाकणाच्या मापापेक्षा अर्धा इंच जास्त कापून आणला. तो चारही बाजूंच्या कडांवर टेकतो, त्यामुळे भार पत्र्याच्या पोटावर न येता उभ्या भिंतींवर जातो. त्यावर दोन इंची फोम आणि जुन्या सोलापुरी चादरीची खोळ.

ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी तीन गोष्टी नक्की करा. कोयंडा काढून टाका, म्हणजे मूल आत शिरलं तरी झाकण बाहेरून अडकणार नाही. मागच्या बाजूला हवेसाठी सात-आठ भोकं पाडा. आणि झाकण धाडकन बोटांवर पडू नये म्हणून आतून साखळी किंवा कपाटाला लावतात तसा स्टे बसवा.

साड्यांचे पडदे केले, त्याबद्दल कुणी विचारलं तर लिहीन.

आता खरा प्रश्न. कवाड साधारण सहा फूट बाय वीस इंच आहे. बाहेरून हिरवा ऑइलपेंट, आतून उघड्या सपाट फळ्या. त्या आतल्या बाजूवर आजेसासूबाईंनी पेन्सिलीने मांडलेला दुधाचा हिशोब आहे. उभ्या रेघा, पाच झाल्या की आडवी काट, मध्येच 'खाडा', एके ठिकाणी 'पाहुणे, १ जास्त'. सासूबाई रोज येता-जाता त्यावर हात फिरवायच्या, त्यामुळे काही रेघा आधीच पुसट झाल्यात. मला या कवाडाचं मुलांसाठी अभ्यासाचं टेबल करायचंय, रेघा वर दिसतील असं. पाय म्हणून शिवणयंत्राचा स्टँड. पण पॉलिश मारलं तर रेघा जातील का? आणि न मारता तसंच ठेवलं तर मुलं आठवड्याभरात पुसून टाकतील.

मुठाकाठ

ट्रंक उत्तम झाली आहे. तुमच्या प्रश्नाआधी एक महत्त्वाची गोष्ट. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, विशेषतः घरात चार वर्षांची मुलगी असताना.

आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कायदेशीर मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि ती लागू झाली नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगांत, त्यातही पिवळा, हिरवा, लाल अशा गडद ऑइलपेंटमध्ये, शिसं बऱ्यापैकी असू शकतं. रंग भिंतीवर किंवा दारावर घट्ट बसलेला असेल तोवर त्रास कमी. घासला की त्याची धूळ होते, ती जमिनीवर बसते, रांगती-खेळती मुलं तिच्यात हात घालतात आणि तोच हात तोंडात जातो. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही.

कवाडाची हिरवी बाजू टेबलाच्या खाली जाणार असेल तर ती खरवडूच नका. सुटलेले पोपडे पाणी मारून ओल्या वॉटर पेपरने (पाण्यासोबत वापरायचा पॉलिश पेपर) हलक्या हाताने काढा, पुसून घ्या आणि वर नव्या रंगाचे दोन हात देऊन ती बाजू बंद करून टाका. काम गच्चीवर, मुलं खाली घरात, तोंडाला चांगला मास्क. फडकी आणि कागद लगेच पिशवीत बांधून टाका.

अंगणवेल

मुठाकाठ, वाचून पोटात गोळा आला. ट्रंकेवरही जुना निळा रंग होता आणि तो मी गॅलरीत कोरडाच घासला. मुलगी तेव्हा माझ्या मागेमागे होती. आता काय करू?

मुठाकाठ

घाबरून जाऊ नका, पण आजच गॅलरी साफ करा. झाडू किंवा साधा व्हॅक्यूम नको, त्याने धूळ उडते. साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं घेऊन फरशी, कठडा, खिडकीचा कट्टा पुसा, पाणी बदलून पुन्हा पुसा. त्या दिवशीचे कपडे वेगळे धुवा. मुलीच्या नेहमीच्या डॉक्टरांना हे जसं झालं तसं सांगा. रक्तातल्या शिशाची तपासणी असते, करायची का ते तेच ठरवतील.

रंधा

माझे वडील सुतार, मी लहानपणापासून त्यांच्या हाताखाली. आता व्यवसाय वेगळा आहे, पण हत्यारं सोडलेली नाहीत.

अंगणवेलताई, कवाड खाली उतरवून फक्त स्टँडवर ठेवायचा विचार असेल तर तो सोडा. यंत्राचा स्टँड जेमतेम दोन फूट रुंद असतो. त्यावर सहा फुटी फळी ठेवली की दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट अधांतरी. मुलगा एका टोकाला कोपर टेकून भार देईल आणि दुसरं टोक उचललं जाईल. सागवानी कवाड वीस-पंचवीस किलोचं असतं, ते पायावर पडलं तर काय होईल हे सांगायला नको.

मात्र स्टँड वाया जात नाही. बिडाच्या दोन बाजू मधल्या आडव्या भागाला आणि पायट्याला बोल्टने जोडलेल्या असतात. बोल्ट गंजलेले असतील. त्यावर रात्रभर गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पान्याने सावकाश फिरवा. हातोडीने ठोकू नका, बीड वाकत नाही, थेट तडकतं. दोन्ही बाजू सुट्या झाल्या की त्या चार फुटांच्या अंतरावर उभ्या करा. म्हणजे कवाड दोन्ही टोकांना एकेक फूटच बाहेर येईल. त्या दोन बाजू मागून दीड इंची अँगलने किंवा सागाच्या पट्टीने एकमेकींना बांधा, नाहीतर टेबल झोके खाईल. फॅब्रिकेशनवाल्याकडून अँगलला भोकं पाडून घ्या. बिडाला वेल्डिंग करायला देऊ नका, साध्या वेल्डिंगने तिथेच भेग पडते.

उंची साधारण २८-२९ इंच होईल. नऊ वर्षांच्या मुलाला खुर्ची थोडी उंच आणि पायाखाली काहीतरी लागेल. तुमच्याकडे पाट आहेतच.

पॉलिशचं सांगतो. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. स्पिरिटने पेन्सिल विरघळत नाही, पण पॉलिश कापसाच्या बोळ्याने घासून मारतात आणि त्या घासण्याने रेघ फरफटते. पेन्सिलीऐवजी बॉलपेन किंवा शाई असेल तर ती मात्र पसरेल. एखादा शब्द शाईचा आहे का ते आधी नीट बघा.

जुन्नरी

अगं अंगणवेल, दुधाचा हिशोब वाचून मला माझ्या आईचं दार आठवलं. तिकडे खडूने असायचा, दर महिन्याला पुसून नवा. तुझ्या आजेसासूबाईंनी पेन्सिलीने लिहिला म्हणून राहिला.

लुगडी पडद्यांत घालवू नकोस. मऊ झालेली सुती लुगडी गोधडीला लागतात. मी अडुसष्ट वर्षांची आहे, जुन्नरला आईच्या हाताखाली शिकले आणि अजून दर दोन वर्षांनी एक शिवते. सांगते कसं ते.

गच्चीवर किंवा हॉलची फरशी पुसून खाली एक धड लुगडं पसर. ते अस्तर. त्यावर फाटकी, विरलेली, जी असतील ती एकसारखी मांड. खड्डा राहिला तर तिथे तुकडा घाल. वरून पुन्हा एक धड लुगडं, ते ज्याचा रंग डोळ्यांना आवडेल ते. चारही कोपऱ्यांवर जड डबे ठेव आणि दुसऱ्या माणसाला समोर बसव. आधी कडेने मोठे टाके घालून सगळे थर बांधून टाक. मग कडेपासून आत आत धावदोरा घालत ये, बोटभर अंतरावर ओळ. हाताने सपाट करत करत जायचं, म्हणजे मध्ये फुगा राहत नाही. टेरिकॉट, नायलॉन काही आत घालू नको. घाम शोषत नाही आणि धुतल्यावर एकीकडे गोळा होतं.

दुपारी दोन तास बसलीस तर दीड-दोन महिने लागतील. मुलीला सुईत दोरा ओवून द्यायला बसव. माझ्या नातीला मी तसंच बसवते, आणि तिच्या हातचा एक वाकडा टाका मी कधी उसवत नाही.

कोथरूडकरीण

आजी, किती छान लिहिलंत. मी बोहरी आळीत बिजागऱ्या घ्यायला जाणारच आहे, गोधडीचा जाड दोरा तिथे आसपास मिळतो का बघते.

अंगणवेल, पडद्यांचं माप सांगाल का? आमचंही भाड्याचं घर आहे, मालकांनी भिंतीला भोक पाडायचं नाही म्हणून सांगितलंय.

अंगणवेल

जुन्नरी आजी, लुगडी बाजूला काढून ठेवली. सासूबाई म्हणाल्या, त्या समोर बसतील.

कोथरूडकरीण, साडी साडेपाच मीटर लांब आणि पन्हा साधारण ४५ इंच. दारासाठी सात फुटी पडदा हवा असेल तर वर-खाली दुमडायला धरून दोन मीटर तीस सेंटिमीटर लागतं. म्हणजे एका साडीत दोन पडदे होतात आणि नव्वद सेंटिमीटर उरतं, त्यात उशीचे अभ्रे किंवा टेबलाचा रुमाल. साडी आडवी न घेता उभीच लटकवायची, म्हणजे दोन्ही काठ पडद्याच्या दोन बाजूंना येतात आणि तिथे शिवावंच लागत नाही. पदर एका पडद्याच्या खालच्या टोकाला येईल असं बघा, फार सुंदर दिसतो.

कापण्याआधी साडी खिडकीसमोर उजेडात धरा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली साडी घडीच्या रेषेवरच विरते. दोन्ही अंगठ्यांनी तिथे हलकेच ताणून पाहा. चर्र आवाज आला किंवा धागे सुटले तर ती पडद्याला चालणार नाही. माझ्या एका इरकलीचं असं झालं. तिचे नुसते काठ काढून सुती मांजरपाटावर शिवले, स्वयंपाकघराच्या कपाटाला तो पडदा आहे.

भोक पाडायचं नसेल तर चौकटीत दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो. सुती साडीला तो पुरतो. अस्तर लावून जड पडदा केला तर मात्र घसरतो. आमच्याकडे पश्चिमेच्या खिडकीला ऊन फार येतं, तिथे साडीच्या मागे पांढऱ्या कापडाचं अस्तर हवंच आहे, नाहीतर रंग एका उन्हाळ्यात उडेल. तिथे खिडकीच्या आतल्या ग्रिललाच रॉड बांधून टाकला.

मोशीकर

भोकांचा विषय निघालाय म्हणून आमच्याकडे घडलेलं लिहितो. आंब्याच्या लाकडी पेट्या जमवल्या होत्या, त्यांची मुलीच्या खोलीत भिंतीवर पुस्तकांची मांडणी केली. नेहमीची प्लास्टिकची गट्टी आणि दीड इंची स्क्रू. तिसऱ्या आठवड्यात मधली पेटी पुस्तकांसकट खाली आली. मुलगी शाळेत होती म्हणून निभावलं. ती पेटी ज्या पलंगावर पडली त्या पलंगावर ती दुपारी झोपते.

नंतर कळलं की आमची भिंत हलक्या ब्लॉकची आहे. त्या ब्लॉकमध्ये हवेचे बुडबुडे असतात, साधी गट्टी धरतच नाही, हळूहळू भोक मोठं होत जातं. त्यासाठी लांब नायलॉनची वेगळी गट्टी लागते आणि भोक पाडताना ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देत फिरण्याची सोय, बंद ठेवावी लागते. काही नव्या इमारतींत सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतात, तिथे उलट हॅमर ड्रिलशिवाय आत शिरता येत नाही. पेठेतल्या जुन्या विटांच्या भिंतीची सवय असेल तर या दोन्हींत फसायला होतं. आधी एक बारीक भोक पाडून काय रंगाची भुकटी पडते ते पाहा. लाल म्हणजे वीट, पांढरट भुसभुशीत म्हणजे ब्लॉक, करडी आणि काम नेटाने चालत असेल तर काँक्रीट.

शिवाय पेट्यांच्या फळ्या कच्च्या लाकडाच्या आणि खिळे आखूड. आता मी त्या जमिनीवर एकावर एक ठेवून आतून कोपऱ्यांत पट्ट्या मारल्या आहेत आणि सगळ्यात वरची भिंतीला क्लॅम्पने धरली आहे. पावसाळ्यात मागे बुरशी धरू नये म्हणून भिंतीपासून दोन बोटं अंतर.

धनकवडी_१

सगळ्यांच्या कल्पना चांगल्या आहेत, पण मला वेगळं म्हणायचंय. आमच्या घरात हे करू, ते करू म्हणून सात वर्षं वस्तू साठत गेल्या. बाटल्या, पुठ्ठे, तुटक्या खुर्च्या. गेल्या दिवाळीत माळा उघडला तर अर्ध्या सामानाला वाळवी. ती वाळवी शेजारच्या कपाटात शिरली आणि आईची लग्नातली पैठणी गेली. तेव्हापासून नियम केलाय, वस्तू घरात ठेवायची तर सहा महिन्यांत तिचं काहीतरी व्हायला हवं. नाहीतर ती ज्याला उपयोगी पडेल त्याच्याकडे. पुण्यातल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई भंगार व्यवस्थित वेगळं करतात, त्यांच्या जुन्या कपड्यांच्या आणि सामानाच्या संकलन मोहिमाही असतात. चालू स्थितीतलं फर्निचर असेल तर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात विचारून बघा.

अंगणवेल

धनकवडी, मनापासून पटलं. पैठणीचं वाचून वाईट वाटलं. म्हणूनच मी दर रविवारी एकच वस्तू घेते. सहापैकी दोन पाट औक्षणासाठी ठेवले, दोन पाटांना चाकं लावून ते जड कुंड्यांखाली दिले, म्हणजे फरशी पुसताना कुंडी सरकवता येते. एक आता मुलाच्या पायाखाली जाईल. सहावा चिरलेला होता, तो कामवाल्या मावशींनी चुलीपुढे बसायला मागून नेला.

रेघोटी

मी शाळेत चित्रकला शिकवते. कवाडाच्या रेघांसाठी सुचवते.

पेन्सिल आणि कोळशाच्या चित्रांवर मारायचा फिक्सेटिव्ह स्प्रे चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. आधी सगळ्या रेघांचे फोटो दिवसाच्या तिरप्या उजेडात काढा, तिरप्या उजेडात पुसट रेघाही उठून दिसतात. मग मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका. ओलं फडकं अजिबात नको. कवाड आडवं ठेवा, स्प्रे फूटभर अंतरावरून एकदाच हलका फिरवा. वाळू द्या. पुन्हा एकदा. भिजेल इतका मारला तर थेंब ओघळतो आणि रेघ घेऊन जातो. एका कोपऱ्यात आधी स्वतः पेन्सिलीने चार रेघा ओढून त्यांच्यावर करून बघा.

एवढं झालं की वर काच. मुलांचा हात रोज थेट लाकडावर लागला तर कुठलंही कोटिंग कायमचं टिकणार नाही.

रंधा

रेघोटीताईंशी सहमत. काच पाच मिलिमीटर टफन्ड (तापवून मजबूत केलेली) घ्या, कडा गोल घासून. सहा फूट बाय वीस इंचाची काच साडेअकरा किलोच्या आसपास भरेल, दोघांनी उचलायची. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, म्हणून माप कवाडाच्या चारही बाजूंनी घ्या. जुनं कवाड काटकोनात असेलच असं नाही. काच थेट लाकडावर टेकवू नका, फूट-फूटभर अंतरावर पारदर्शक सिलिकॉनची बटणं चिकटवा. नाहीतर पावसाळ्यात मध्ये ओल धरते आणि काच सरकली की रेघांवर घासली जाते.

पर्वती_पायथा

टेबलाची गोष्ट वाचतोय. मधल्या मध्ये गणपतीच्या मखराबद्दल एक, कारण श्रावण जवळ आलाय. २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तेव्हापासून आम्ही टीव्ही-फ्रीजच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचं मखर करतो आणि दरवर्षी तेच घडी करून ठेवतो. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या येतील असा खांब कापा, तर तो भार घेतो. आडव्या आल्या तर दुसऱ्या दिवशी वाकतो. घडी जिथे हवी तिथे कापू नका, पट्टी धरून चमच्याच्या दांड्याने दाबून रेघ ओढा आणि मग दुमडा. वरून जुन्या साडीचे काठ लावले की पुठ्ठा दिसत नाही.

अंगणवेल

तीन आठवड्यांनी लिहितेय.

मुलीची तपासणी झाली, डॉक्टरांनी काळजी करण्यासारखं नाही म्हणून सांगितलं. मुठाकाठ, तुमचे आभार कसे मानू.

स्टँडचे चारपैकी तीन बोल्ट तेलाने सुटले. चौथा सुटेना, तो फॅब्रिकेशनवाल्यांनी कापून दिला. हिरव्या बाजूला गच्चीवर नव्या रंगाचे दोन हात दिले, तोही रंग हिरवाच, सासूबाईंनी निवडलेला. स्प्रे मारायच्या आधी फोटो काढायला रेघोटीताईंनी सांगितलं होतं तसं कवाड सकाळी गच्चीवर तिरपं ठेवलं, तर आम्हाला कधीच न दिसलेली एक ओळ वर आली. खाडे मांडलेत त्याच्या खाली, अगदी बारीक अक्षरात 'बाळ आजारी, दूध अर्धं'. सासूबाई म्हणाल्या, बाळ म्हणजे माझे मिस्टर. त्यांना दोन वर्षांचे असताना गोवर झाला होता.

ओळ कवाडाच्या डाव्या टोकाला आहे. काच बसली, टेबल खिडकीपाशी लागलं. मुलाने उजवी बाजू घेतली, कारण तिकडे दिव्याचं बटण आहे. डावीकडे मुलगी चित्रं काढते. आज संध्याकाळी मिस्टर ऑफिसमधून आले तेव्हा ती काचेवरून बोट फिरवत त्यांना रेघा मोजून दाखवत होती. पाचपर्यंत जाते आणि आडव्या काटेला पुन्हा एकपासून सुरू करते.

जुन्नरी आजी, पुढच्या रविवारी लुगडी पसरतोय. बोटभर अंतर म्हणजे कुठलं बोट ते सांगा.

जुन्नरी

करंगळी, गं. आणि पहिला टाका सासूबाईंना घालू दे.